दुपारीच मान टाकणारा फोन

प्रश्न : तारकर्लीला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. फोन 2020 च्या दिवाळीत घेतलेला. सकाळी पूर्ण चार्ज केला तरी पाहुण्यांची पानं वाढेपर्यंत मान टाकतो, चार्जरची पिन तर वाकडी धरून बसावं लागतं. बुकिंग, पैसे, सगळं त्याच्यावरच. मुलगा म्हणतो, गणपतीच्या सेलमध्ये नवा घे. हे म्हणतात, ‘चलता हा मा, मगे बदलूचो कित्याक?’ कोणाचं ऐकू?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : ताई, वेंगुर्ल्यात अठरा वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या टेबलाशी बसलोय, तेव्हा आधी यजमानांच्या बाजूने बोलतो. तुमच्या दोन्ही तक्रारी दुरुस्तीतल्या आहेत. फोनची बॅटरी साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते. 2020 पासून तीच असेल तर तिने पुष्कळ ओढलं म्हणायचं. पिनेचा दोष आपल्या खाऱ्या वाऱ्याचा. किनाऱ्यावरचे फोन उघडले की चार्जिंगच्या खाचेत हिरवट गंज हमखास सापडतो. खाच साफ करून किंवा बदलून मिळते.

तरीही मी नवा घ्या म्हणेन, आणि कारण बॅटरीचं नाही. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. तुमच्या वेळच्या मध्यम किमतीच्या बहुतेक फोनना कंपन्या दोन ते चार वर्षंच अपडेट द्यायच्या. तारीख वर्षापूर्वीची असेल, तर ज्या फोनवर पाहुण्यांचे पैसे येतात त्याच्या दाराला कडी नाही असं समजा.

सेलमध्ये मुलाला एकच विचारायला सांगा : अपडेट किती वर्षं, आणि कधीपासून? ही वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल स्वस्तात मिळालं, तर दोन वर्षं आधीच संपलेली. सॅमसंगच्या गॅलेक्सी ए16 5जी ला 2024 मध्ये सहा वर्षांचं आश्वासन होतं. म्हणजे कमी किमतीतही हे मिळतं. मेगापिक्सेलच्या आकड्यांकडे बघूच नका. अंगणात भर उन्हात पडदा वाचता येतो का, ते बघा. आणि 5जी साठी जास्त पैसे मोजण्याआधी शेजाऱ्याचा 5जी फोन मागून तुमच्या माजघरात रेंज येते का पाहा.

‘वॉटरप्रूफ’ ऐकून भुलू नका. खोक्यावरच्या आयपी68 ची, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाच्या दर्जाची, चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. फोन खाडीत पडलाच तर लगेच बंद करा, ओल्या फडक्याने मीठ पुसा आणि दुकानात आणा. तांदळाच्या डब्यात कोंबू नका! मीठ आतच राहतं, वर खाचेत कोंडा. असे फोन मी किती उघडले, त्याची गणती नाही.

खरेदी गणपतीत करायला हरकत नाही, दिवाळीच्या गर्दीआधी नव्याला हात बसेल. जुन्यातून बँकेची आणि यूपीआयची ॲप्स काढून टाका, नवी बॅटरी घाला आणि तो यजमानांना भजनं ऐकायला द्या. चलता हा मा!