मरिया कुमारी, तर मग योसेफ तिचा नवरा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती लोक मरियेला कुमारी म्हणतात आणि योसेफाला तिचा नवराही म्हणतात, हे जमतं कसं? शिवाय तुमचा एक ख्रिस्ती मित्र म्हणतो येशूला भावंडं होती, दुसरा ठामपणे म्हणतो नव्हती. यातलं खरं कोण बोलतंय?

दोघंही आपापल्या चर्चचं खरंच सांगताहेत. मला हे घरातच कळलं, कारण माझी आई कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट. मी आठ-नऊ वर्षांची असेन. संध्याकाळच्या प्रार्थनेला मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) सहावा अध्याय मोठ्याने वाचत होते. येशू आपल्या गावी शिकवायला जातो आणि गावकरी कुजबुजतात की हा तर तो सुतार, मरियेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ. मी थांबले.

"म्हणजे येशूला चार भाऊ होते?"

"हो, आणि बहिणीही. पुढचं वाच," वडील म्हणाले.

"चुलत," आतून आईचा आवाज आला.

"चुलत असं कुठे लिहिलंय?"

"सख्खे असं तरी कुठे लिहिलंय?"

सोळाशे वर्षं चाललेला वाद आमच्याकडे चार वाक्यांत आटोपला आणि मी पुढचं वाचायला लागले.

आधी एक घोळ बाजूला काढते, कारण ख्रिस्ती लोकही तो सर्रास करतात. 'निष्कलंक गर्भसंभव' ही वेगळी शिकवण आहे. ती येशूच्या नव्हे, मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेबद्दल आहे: आईच्या पोटात आली त्या क्षणापासून तिला आदिपापाचा, म्हणजे माणसाला जन्मतःच चिकटलेल्या पापाचा, डाग नव्हता, असं पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये अधिकृतपणे जाहीर केलं. ते फक्त कॅथलिक मानतात, आणि त्यात मरियेचे आईवडील चारचौघांसारखेच नवराबायको आहेत. तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

आता मुद्द्याकडे. येशू पुरुषाच्या संबंधाशिवाय, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने मरियेच्या पोटी आला, इथपर्यंत कॅथलिक, ऑर्थोडॉक्स (ग्रीस-रशियाकडची जुनी पूर्वेकडची चर्चेस), अँग्लिकन, लुथरन, बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल अशा सगळ्या मोठ्या परंपरांची अधिकृत शिकवण एक आहे. गंमत म्हणजे ही हकिकत चारपैकी दोनच शुभवर्तमानांत आहे, मत्तय आणि लूक. मार्क थेट मोठ्या झालेल्या येशूपासून सुरू करतो, योहान थेट जगाच्या आरंभापासून, आणि पौल 'स्त्रीपासून जन्मलेला' एवढंच म्हणून पुढे जातो.

मत्तयाची हकिकत कळायला त्या काळचं यहुदी लग्न माहीत हवं. ते दोन टप्प्यांत व्हायचं. आधी वाग्दान आणि मग काही काळाने वधूला घरी आणणं. पण हे वाग्दान म्हणजे नुसता साखरपुडा नव्हता. ते झालं की ती कायद्याने त्याची बायको. मोडायचं तर रीतसर सूटपत्र द्यावं लागे. मरिया गरोदर असल्याचं कळतं ते याच दोन टप्प्यांच्या मधल्या काळात. म्हणूनच मत्तय एका दमात तिला वाग्दत्त म्हणतो, योसेफाला तिचा नवरा म्हणतो आणि तो तिला गुपचूप सोडण्याच्या विचारात होता असंही सांगतो. मग स्वप्नात देवदूत येऊन बायकोला घरी आणायला घाबरू नकोस म्हणतो आणि योसेफ तिला आणतो.

हे लग्न गोष्टीत उगाच आलेलं नाही. मत्तय आणि लूक दोघंही येशूला दावीद राजाच्या वंशातला ठरवतात, आणि दोघांच्याही वंशावळी योसेफामार्फत येतात. मत्तयाची वंशावळ वाचून बघा. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, असं चाळीसभर पिढ्या एकाच चालीत चालतं आणि योसेफापाशी वाक्य एकदम वळण घेतं: याकोबाला योसेफ झाला, जो मरियेचा नवरा, आणि तिच्या पोटी येशू जन्मला. 'योसेफाला येशू झाला' असं लिहायचं त्याने कटाक्षाने टाळलंय. म्हणजे योसेफ जन्मदाता नको, पण कायद्याने बाप तर हवाच. आणि त्यासाठी लग्न खरं हवं. कुमारी आणि बायको ही दोन्ही टोकं पहिल्या पानापासून एकत्र बांधलेली आहेत. पुढचे सगळे वाद, माझ्या मते, ही गाठ कोणी कशी धरली याचे आहेत.

मोठे वाद छोट्या शब्दांवर अडतात. पहिला शब्द 'कुमारी'. मत्तय यशया संदेष्ट्याचं वचन देतो की कुमारी गर्भवती होईल. यशयाच्या मूळ हिब्रूत शब्द आहे 'आल्मा', म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आला, त्याचा रूढ अर्थ पुरुषसंबंध न आलेली. आणि मत्तयाने ग्रीकच वापरलं. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे, कारण आपला 'कुमारी' हा शब्दही असाच दोन्हीकडे झुकतो. नावाआधी 'कु.' लिहिताना आपल्याला फक्त अविवाहित म्हणायचं असतं. १९५२ मध्ये अमेरिकेत बायबलचं एक नवं इंग्रजी भाषांतर आलं, त्यात यशयाच्या त्या ओळीत 'कुमारी'ऐवजी 'तरुण स्त्री' छापलं होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाळकाने ते पान सगळ्यांदेखत जाळलं. मत्तयात मात्र त्याच भाषांतराने 'कुमारी' तसंच ठेवलं होतं.

दुसरा शब्द 'पर्यंत'. मत्तय म्हणतो, तिने मुलाला जन्म देईपर्यंत योसेफाने तिच्याशी संबंध ठेवला नाही. इ. स. ३८०च्या सुमारास हेल्विडियस नावाच्या माणसाने रोममध्ये साधा सवाल केला: म्हणजे नंतर ठेवला, नाही का? आणि 'भाऊ' म्हणजे भाऊच. त्याला उत्तर द्यायला जेरोम सरसावला. हा बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा, प्रचंड विद्वान आणि तितकाच तिरसट माणूस. त्याचं म्हणणं, 'पर्यंत'वरून पुढचं काही सिद्ध होत नाही. या बाजूचं नेहमीचं उदाहरण असं: जुन्या करारात दावीद राजाची बायको मीखल हिला मरेपर्यंत मूल झालं नाही असं लिहिलंय. मग काय मेल्यावर झालं? 'भाऊ' हा शब्दही हिब्रू वळणात जवळच्या नातलगांना सर्रास लागतो, म्हणून ती मावसभावंडं. आपणही मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ सगळ्यांना नुसतं 'भाऊ'च म्हणतो, त्यामुळे आईचा तो आतून आलेला एका शब्दाचा युक्तिवाद तसा वजनदार होता. (नातं मात्र तिने जेरोमपेक्षा वेगळं लावलं.) वडिलांची बाजूही लंगडी नाही. ग्रीकमध्ये अशा भावंडांसाठी वेगळा शब्द होता आणि नव्या करारात एका ठिकाणी तो आलेलाही आहे. मग इथे का नाही वापरला?

ऑर्थोडॉक्स परंपरेचं उत्तर या दोन्हींपेक्षा जुनं आहे: योसेफ वयस्क विधुर होता आणि ही त्याची आधीच्या बायकोची मुलं, म्हणजे येशूची सावत्र भावंडं. ही कथा दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात आहे, जो बायबलमध्ये नाही. पण चित्रांत दिसणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा योसेफ तिथूनच आलाय. ऑर्थोडॉक्स लोकांची येशूजन्माची प्रतिमा कधी पाहिलीत तर मध्यभागी सोडून कोपऱ्यात बघा. योसेफ एकटाच, हाताला गाल टेकवून, तोंड पाडून बसलेला असतो आणि बऱ्याच प्रतिमांत एक वाकलेला म्हातारा त्याच्याशी काहीतरी बोलत असतो. परंपरा म्हणते तो सैतान, योसेफाच्या मनात शंका पेरतोय. मला हे चित्र फार आवडतं. बायको आणि बाळ मध्ये, आणि नवरा काठावर बसून विचारात पडलेला. मरियेच्या अंगावरच्या वस्त्रावर तीन तारे असतात, एक कपाळावर आणि एकेक दोन्ही खांद्यांवर. जन्माआधी, जन्मताना आणि जन्मानंतरही ती कुमारीच, असा त्यांचा अर्थ. पाचव्या सार्वत्रिक धर्मसभेने ५५३ मध्ये 'नित्यकुमारी' हीच पदवी तिच्यासाठी वापरली.

आता लग्न. तुम्हाला वाटेल, जिथे मरिया नित्यकुमारी तिथे लग्न दुय्यम, आणि जिथे तिला आणखी मुलं झाली असं मानतात तिथे लग्नाला मान. पुष्कळ अंशी तसं झालंही. हेल्विडियसनंतर दहाएक वर्षांनी जोविनियन नावाच्या संन्याशानेच म्हटलं की विवाहित आणि ब्रह्मचारी यांचं देवाजवळ पुण्य सारखंच. ३९३च्या सुमारास त्याला रोम आणि मिलान दोन्हीकडून धर्मबाह्य ठरवलं गेलं. जेरोमने त्याच्याविरुद्ध इतकं जहाल लिहिलं की त्याच्या मित्रांनाच लाज वाटली; लग्न वाईट आहे असं म्हणतोय की काय, असं वाटायला लागलं. मग ऑगस्टीन या बिशपने तोल सावरला. तो म्हणाला, लग्नाची तीन फळं: अपत्य, निष्ठा आणि न तुटणारं बंधन. आणि ही तिन्ही मरिया-योसेफाच्या लग्नात आहेत. अपत्य म्हणजे येशू. निष्ठा, कारण व्यभिचार नाही. बंधन, कारण सूटपत्र नाही. नाही तो फक्त शरीरसंबंध.

हा विचार पुढे कायद्यातही उतरला. बाराव्या शतकात धर्मपंडितांत खल चालला की लग्न नेमकं कशाने होतं, संमतीने की समागमाने? ग्रेशियनच्या मते समागमाशिवाय ते पुरं होत नाही. पीटर लोंबार्ड म्हणे, संमती पुरे. लोंबार्डच्या बाजूचा हुकमी एक्का कोण, तर मरिया आणि योसेफ! समागम लागत असेल तर देवाच्या आईचं लग्नच खोटं ठरेल. शेवटी कॅथलिक चर्चने तोडगा काढला तो आजही चालू आहे: संमतीने लग्न खरं होतं, समागमाने ते अभेद्य होतं. म्हणून समागम न झालेलं लग्न सबळ कारण असेल तर पोप मोडू शकतात.

मग प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर आला आणि सगळं सोपं होईल असं वाटलं, पण नाही. १५२०मध्ये त्याने लिहिलं की लग्न हा साक्रामेंतच, म्हणजे देवाची कृपा देणारा पवित्र विधीच, नव्हे. इफिसकरांच्या पत्रात लग्नाला ग्रीकमध्ये 'रहस्य' म्हटलंय, लॅटिन भाषांतरात त्याचं 'साक्रामेंतुम' झालं आणि त्या एका शब्दावर इमारत चढली, असा त्याचा आक्षेप. १५२५मध्ये या माजी संन्याशाने माजी नन असलेल्या काटारीना फॉन बोराशी लग्न केलं, सहा मुलं झाली. आणि तरी शेवटपर्यंत तो मरियेला नित्यकुमारीच मानत राहिला. त्याच्या काळचा दुसरा सुधारक झ्विंग्लीही तसाच, त्यानेही लग्न केलेलं. कॅल्व्हिन म्हणाला, पुढे काय झालं ते या ओळीवरून सांगता येत नाही, उगाच खोदू नका. म्हणजे माझे वडील ज्याला अस्सल प्रोटेस्टंट मत समजत होते ते पहिल्या फळीतल्या प्रोटेस्टंटांचं मत नव्हतं. हे मी त्यांना कॉलेजात असताना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लूथर म्हणजे बायबल नव्हे." हे मात्र पक्कं प्रोटेस्टंट उत्तर होतं.

मूळ जन्मकथाच न मानणारेही ख्रिस्ती आहेत, आणि ते आजचे नाहीत. सुरुवातीच्या शतकांतल्या एबियोनाइट पंथाच्या बहुतेकांसाठी येशू हा योसेफ-मरियेचाच मुलगा होता. उलट टोकाला मार्शियन: त्याच्या मते येशू जन्मलाच नाही, थेट प्रकट झाला, आणि त्याच्या पंथात लग्नालाच बंदी होती. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथात यावरून उभी फूट पडायची वेळ आली. १९१०मध्ये त्यांच्या महासभेने कुमारिकेपोटी जन्म ही शिकवण पाच अत्यावश्यक तत्त्वांत घातली, तर १९२२मध्ये हॅरी एमर्सन फॉस्डिक यांनी गाजलेल्या प्रवचनात सांगितलं की हे अक्षरशः न मानणाऱ्यांनाही चर्चमध्ये जागा हवी. आजही कित्येक उदारमतवादी पाळक ती कथा प्रतीक म्हणूनच घेतात.

लग्नाबद्दल बाकीचं भराभर सांगते. ऑर्थोडॉक्सांत धर्मगुरू विवाहित चालतो, पण लग्न दीक्षेआधी झालेलं हवं, आणि बिशप मात्र अविवाहितच. घटस्फोटानंतर दुसरं, फार तर तिसरं लग्न लावतात, पण त्या प्रार्थनांत पश्चात्तापाचा सूर असतो. कॅथलिकांत घटस्फोट नाही. लग्न मुळात झालंच नव्हतं असा निर्णय मिळू शकतो. प्रोटेस्टंटांत पाळकाचं लग्न ही रोजची गोष्ट. मॉर्मन पंथाचे लोक त्यांच्या मंदिरात लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं असं मानतात, तर बाकी जवळपास सगळे येशूच्या शब्दाकडे बोट दाखवतात की पुनरुत्थानानंतर कोणी लग्न करत नाही.

तर तुमच्या मित्रांपैकी नाही म्हणणारा बहुधा कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स असेल, आणि हो म्हणणारा आजचा प्रोटेस्टंट.

आणि माझ्या आईवडिलांचं? कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं वैध लग्न हे आपोआप साक्रामेंत ठरतं, त्यातला एक प्रोटेस्टंट असला तरीही. आणि तो साक्रामेंत धर्मगुरू देत नाही. नवराबायको एकमेकांना देतात. वडिलांच्या चर्चमध्ये साक्रामेंत दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आईने हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे जे मी मानतच नाही, ते मी तुला दिलं?"

"दिलंत," आई म्हणाली. "आता परत घेता येत नाही."