मुंग्या आधी परतू द्या, वाट नंतर पुसा

तुम्ही विचारलेली अडचण थोडक्यात अशी आहे: पावसाळा सुरू झाल्यापासून तुमच्या पुण्यातील घरात ओट्यावर आणि साखरेच्या डब्याभोवती बारीक तांबूस मुंग्यांची रांग लागते, घरात रांगते बाळ आहे, सासूबाई कोपऱ्याकोपऱ्यांत मुंग्यांच्या खडूच्या रेघा ओढतात, इथल्याच एका सदस्याने पिठीसाखरेत कॅरमची पावडर मिसळून ठेवण्याचा ‘नैसर्गिक’ उपाय सुचवला आहे आणि व्हीगन म्हणून, म्हणजे प्राण्यांचे शोषण टाळणारे आणि प्राणिजन्य वस्तू न वापरणारे म्हणून, यातले काय आपल्याला चालेल, हे तुम्हाला ठरवता येत नाही. आमच्या घरी बरीच वर्षे मुंग्या न मारता स्वयंपाकघर चालते, म्हणून सविस्तर लिहिते.

मुंग्यांना घरात येण्यापासून रोखणे व्हीगन विचाराच्या विरुद्ध नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीची आजची व्याख्या प्राण्यांचे शोषण आणि त्यांच्यावरील क्रौर्य ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ टाळण्याविषयी बोलते. आपल्या अन्नापासून मुंग्यांना दूर ठेवण्यात शोषणही नाही आणि क्रौर्यही नाही. प्रश्न उभा राहतो तो त्यांना मारण्याचा. मुंगीला काही जाणवते का, अशी शंका पुष्कळ जण घेतात. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी सह्या केलेल्या जाहीरनाम्यात कीटकांनाही जाणीव असण्याची वास्तव शक्यता मान्य केली आहे, आणि अशी शक्यता असताना त्यांच्या हिताचा विचार न करणे बेजबाबदारपणाचे ठरेल, असेही म्हटले आहे. माझ्या मते संशयाचा फायदा मुंगीला देण्यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

आता कॅरमच्या पावडरीविषयी. ही पावडर म्हणजे बहुधा बोरिक ॲसिड असते. साखरेबरोबर मिसळले की मुंग्या ते अन्न समजून खातात, पोटात साठवून वारुळात नेतात आणि तिथे इतर कामकरी मुंग्यांना, अळ्यांना आणि राणीलाही भरवतात. ते सावकाश काम करते म्हणूनच परिणामकारक ठरते, कारण घेऊन जाणारी मुंगी वाटेत मरत नाही. सगळी वसाहत संपवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीला घरगुती उपाय म्हटल्याने ती अहिंसक होत नाही. डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी भुकटीही ‘रसायनमुक्त’ म्हणून विकली जाते. ती मुंगीच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि मुंगी शरीरातले पाणी सुकून मरते. उकळते पाणी आणि रॉकेलचा बोळा यांच्याविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही.

मग करायचे काय? रांग कशी तयार होते हे समजून घेतले की बरेचसे उत्तर त्यातच मिळते. एखादी मुंगी अन्नापर्यंत पोहोचली की परतताना ती पोटाच्या टोकाने जमिनीवर गंधाचा माग सोडत जाते. त्या मागावरून दुसऱ्या येतात, आणि ज्यांना अन्न मिळते त्या परतताना तोच माग अधिक गडद करतात. अन्न संपले की रिकाम्या परतणाऱ्या मुंग्या माग सोडत नाहीत आणि बहुतेक जातींमध्ये तो हळूहळू विरून जातो. म्हणजेच रांग टिकून राहते ती अन्नामुळे. आपण मात्र रांग दिसताच ओले फडके फिरवतो, त्यात फडक्याखाली सापडलेल्या सगळ्या चिरडतात किंवा मोरीत वाहून जातात, अन्नाचा कण तिथेच कुठेतरी राहतो आणि तासाभराने नवी रांग लागते. म्हणून माझा आग्रह क्रमाविषयी आहे. आधी अन्न उचलायचे, मुंग्यांना परतायला वेळ द्यायचा, मग वाट पुसायची आणि शेवटी भेग बुजवायची.

गुळाचा खडा किंवा लाडवाचा चुरा मुंग्यांनी भरला असेल तर तो झटकू नका. मुंग्यांसकट कागदावर घेऊन रांग जिथून आत येते त्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवा. ओट्यावर उरलेल्या मुंग्या थोडा वेळ गोंधळल्यासारख्या फिरतात आणि मग निघून जातात. हा वेळ कमीअधिक असतो. आमच्याकडे रात्री अन्न हलवले की सकाळपर्यंत ओटा मोकळा असतो. मागे राहिलेल्या चुकार मुंग्या चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने कागदावर घेता येतात. बोटाने उचलू नये, कारण त्यांचे पाय सहज मोडतात, आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात वापरू नये. साखरेच्या किंवा रव्याच्या डब्यात मुंग्या शिरल्या असतील तर जिन्नस परातीत पातळ पसरून सावलीत ठेवा आणि परातीच्या काठाला एक काडी टेकवून द्या, म्हणजे त्यांना उतरायला वाट मिळते. कडक उन्हात परात ठेवण्याची जुनी पद्धत आहे, पण तापलेल्या धातूवर बारीक मुंग्या तग धरत नाहीत.

रांग ओसरल्यावर ओटा साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे उरलेला माग निघून जातो. व्हिनेगरनेही तो जातो आणि बहुतेक ठिकाणी तेच सुचवलेले आढळते, परंतु आपल्याकडे अनेक ओटे कडाप्प्याचे किंवा संगमरवराचे असतात आणि हे दोन्ही दगड आम्लाने खराब होतात, त्यांची चकाकी जाते. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर पातळ व्हिनेगर चालते. भेग बुजवायला पांढरे सिमेंट किंवा सिलिकॉन पुरते. मात्र भेगेतून ये-जा सुरू असताना ती कधीही बुजवू नका, नाहीतर आत अडकलेल्या मुंग्या दुसरीकडून घरातच बाहेर पडतात. हळदीची रेघ ओढली तर मुंग्या काही काळ तिला वळसा घालतात, तिच्याने मरत नाहीत; लवंगा आणि कापूर यांचाही उपयोग तेवढाच आहे. साखरेचा डबा मुंग्यांपासून वाचतो तो लवंगांपेक्षा घट्ट बसणाऱ्या झाकणामुळे.

जुन्या घरांत फडताळाच्या किंवा जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत असत आणि दह्यादुधासाठी शिंकाळे टांगत असत. पाण्याची वाटी आजही सर्वांत चांगला उपाय आहे. त्या पाण्यात साबण घालण्याचा सल्ला ऐकला असेल तर तो पाळू नका. साध्या पाण्याच्या कडेपर्यंत आलेली मुंगी सहसा मागे फिरते आणि चुकून पडलीच तरी बरेचदा पृष्ठभागावर तरंगते, पण साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ती बुडते. गणपतीत चौरंगाच्या पायांखाली अशा वाट्या ठेवल्या की मोदकांच्या ताटापर्यंत मुंग्या जात नाहीत. एरवीही देवघराकडे लक्ष द्यायला हवे, कारण नैवेद्याची वाटी, सांडलेले तेल आणि निर्माल्य रात्रभर तिथेच राहते आणि आपण मात्र ओटा पुसत बसतो.

गॅलरीत जास्वंद असेल तर तिची पाने उलटून पाहा. पिठ्या ढेकूण आणि मावा यांच्या अंगातून गोड चिकट स्राव निघतो, मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात त्या किडींची राखण करतात, त्यामुळे स्वयंपाकघर कितीही स्वच्छ असले तरी गॅलरीतून रांग येत राहते. मी अशी फांदी छाटून सोसायटीच्या बागेत दूर कोपऱ्यात टाकते. यात त्या किडींचे नुकसान होते, हे मला मान्य आहे. फवारणीपेक्षा ते कितीतरी कमी असते, एवढाच माझा हिशेब आहे. मुंगळ्यांची फार चिंता नको. ते बहुधा झाडांच्या बुंध्याशी राहतात, एकेकटे आत येतात आणि पेला उपडा घालून खालून पुठ्ठा सरकवला की बाहेर नेता येतात.

काही ठिकाणी मात्र सौम्य उपाय पुरत नाहीत. चावणाऱ्या लाल मुंग्या बाळाच्या अंथरुणात येत असतील, घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल किंवा कोणाला दंशाची तीव्र ॲलर्जी असेल, तर ‘शक्य आणि व्यवहार्य’ या शब्दांचा अर्थ बदलतो आणि मारण्याचा उपाय करणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याआधी पलंग भिंतीपासून सरकवून पायांखाली वाट्या ठेवून पाहाव्यात आणि चादर जमिनीला टेकू देऊ नये. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. तुमच्या मुंग्या पिवळसर तांबूस आणि दोनेक मिलिमीटरच्या असतील तर त्या फॅरो मुंग्या असू शकतात. त्यांच्या वसाहतीत अनेक राण्या असतात आणि फवारणीचा त्रास झाला की वसाहत फुटून ठिकठिकाणी नव्या वसाहती वसतात, म्हणजे हिंसाही होते आणि मुंग्याही वाढतात. सोसायटीच्या वार्षिक फवारणीला आलेला माणूस तुमच्या स्वयंपाकघरात फवारू लागला तर त्याला हे कारण सांगा. ते त्याला नैतिक कारणापेक्षा लवकर पटते.

सासूबाईंशी बोलताना मुंग्यांच्या जिवापासून सुरुवात करू नका. मुंग्यांच्या खडूत सामान्यतः डेल्टामेथ्रीन किंवा सायपरमेथ्रीनसारखे कीटकनाशक असते आणि जमिनीवर रांगणारे बाळ हात थेट तोंडात घालते, एवढे त्यांना सांगितलेत तर त्या स्वतःच रेघा पुसायला घेतील. फडके साबणाच्या पाण्याचे घ्या, हातमोजे घाला आणि ते फडके पुन्हा ओट्यासाठी वापरू नका. उरलेला खडू बाळाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. वाट्या मांडून झाल्यावरही रांग येत राहिली तर ती कुठून निघते याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो इथे टाका, त्यावरून पुढचे सांगता येईल.