कुंडीतली बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके आहेत. कडुनिंबाचं तेल दोनदा फवारलं, तरी आठवड्याभरात कीड परत येते.

उत्तर : हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि अंडी त्या कापसाच्या आत दडलेली असतात. वरवरचा फवारा मेणावरून ओघळून जातो, अंडी शाबूत राहतात आणि आठवड्याभरात नवी पिल्लं बाहेर येतात. म्हणून तेलाआधी हात चालवायला हवा. जास्त लागण झालेले शेंडे कापा आणि पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फांद्यांवरून आणि पानांच्या बेचक्यांतून फिरवा. कीड सगळ्यात जास्त तिथेच लपते. मग साध्या पाण्याने झाड धुऊन काढा.

तेलाचा फवारा बनवतानाही चूक होते. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी घट्ट तेल, आणि त्यानेच पानं करपतात. एक लिटर फवाऱ्यासाठी ५ मिली तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रवसाबण आधी वाटीत एकजीव करा, मग कोमट पाण्यात थोडं थोडं सोडत ढवळा. पाणी दुधाळ दिसलं पाहिजे. हे मिश्रण त्याच दिवशी वापरा, शिळं झालं की त्याचा गुण कमी होतो. फवारणी ऊन उतरल्यावरच करा, पानांच्या खालच्या बाजूने, पान ओलं होऊन निथळेपर्यंत. आधी एकाच फांदीवर मारून एक दिवस वाट बघा. दर ६-७ दिवसांनी असं तीनदा केलं की पाठोपाठ फुटणारी पिल्लंही सापडतात.

झाडावर मुंग्यांची रांग आहे का, तेही बघा. मिलीबगचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना त्या हुसकावून लावतात. कुंडी विटांवर ठेवून विटा पाण्याच्या थाळीत ठेवा आणि झाडाची एकही फांदी भिंतीला किंवा कठड्याला टेकू देऊ नका. मुंग्यांची ये-जा थांबवल्याशिवाय ही कीड आटोक्यात येत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : रोज पाणी घालूनही झाड मलूल दिसतं. पाणी वरून ओतलं की लगेच खालून निघून जातं.

उत्तर : कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी सहज शोषत नाही. शिवाय ते आक्रसतं, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यानंतरही ती हलकी लागली तर हेच झालंय. बादलीत कुंडीच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत पाणी घ्या आणि कुंडी त्यात ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, ती तशीच राहू द्या. मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. कडेची फट मातीने बुजवा आणि वर वाळक्या पानांचा दोन बोटं जाडीचा थर द्या, फक्त खोडाला चिकटू देऊ नका.

कुंडी जड असूनही झाड मलूल असेल तर मात्र उलट कारण आहे. मुळं पाण्यात गुदमरून सडताहेत, त्यांना आणखी पाणी नको. कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं खत आणि एक भाग कोकोपीट घ्या. माती चिकण असेल तर तिच्यातला एक भाग कमी करून तेवढी जाड वाळू घाला. तळाशी खडे किंवा खापरांचा जाड थर देण्याची पद्धत सोडून द्या. पाणी मातीतून खड्यांत सहज उतरत नाही, त्या थराच्या वर साचून राहतं आणि मुळांना जागाही कमी मिळते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरतो.

प्रश्न : टोमॅटोच्या फळांचा तळ काळा पडून आत दबतो. अंड्याची टरफलं घातली, फरक नाही.

उत्तर : हा रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, म्हणून तिथला भाग मरतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिंब असा प्रकार झाला की मातीत कॅल्शियम असूनही फळाला ते मिळत नाही. टरफलं कुजायला फार वेळ लागतो, त्यामुळे या हंगामात त्यांचा उपयोग नाही. एका रोपाला निदान १५ ते २० लिटरची कुंडी द्या. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं की पाणी द्या. कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही द्यावं लागेल. नत्राचं खत काही दिवस थांबवा, कारण पाला भराभर वाढला की कॅल्शियम तिकडेच जातं. काळी पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत.

प्रश्न : घरातल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडतात.

उत्तर : त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर ओल्या थरात वाढतात. तो थर प्रत्येक वेळी वाळू द्या आणि पाणी खालच्या थाळीतून द्या. अर्ध्या तासाने थाळीत उरलेलं पाणी ओतून टाका. उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे मातीलगत उभे करा. अंडी ते चिलट हा फेरा साधारण तीन-चार आठवड्यांचा असतो, म्हणून चार दिवसांत फरक दिसला नाही तरी उपाय सोडू नका.

प्रश्न : बादलीतल्या कंपोस्टला आंबूस वास येतो.

उत्तर : ओलावा जास्त आणि हवा कमी. मूठभर मिश्रण दाबून बघा, पाण्याची धार लागली तर ते फार ओलं आहे. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन-तीन वाट्या वाळकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. सगळं तळापासून उलथंपालथं करा. बादलीला बाजूने आणि तळाला बोटाच्या अंतरावर भोकं पाडा.