जुन्या, दाट वस्तीच्या शहरात सोलर-विंडची वीज साठवायची कुठे?

तुम्ही विचारलंय की शहर जुनं, गल्ल्या अरुंद, इमारतीला इमारत चिकटलेली, त्यात हेरिटेजचे नियम, मग सोलर-विंडची वीज साठवायला एवढ्या मोठ्या बॅटऱ्या ठेवणार कुठे आणि हायड्रोजनचं काही जमेल का. मी वीज वितरणात काम करतो, त्यामुळे आधी एवढंच सांगतो की जागेची काळजी तुम्ही जरा जास्तच करताय. खरं दुखणं रस्त्याखालच्या केबलचं असतं.

कसं ते बघा. अशा शहराच्या आतल्या भागात वीज फारशी तयार होतच नाही. छपरावर पॅनल लावायचं तर ते रस्त्यावरून दिसता कामा नये ही अट बऱ्याच ठिकाणी असते, पवनचक्कीचा तर विषयच सोडा. म्हणजे वीज बाहेरूनच येणार, मग अख्ख्या ग्रिडसाठी लागणारी साठवण गल्लीबोळात आणायचा हट्ट कशाला? पंप्ड स्टोरेज, म्हणजे जास्तीच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज काढायची, ते डोंगरातच बरं. वेल्समधलं डिनॉर्विग घ्या, १९८४ पासून चालू आहे, सुमारे १,७०० मेगावॉटचं, आणि सगळी मशिनरी स्लेटच्या जुन्या खाणीच्या डोंगराच्या पोटात. परिसराचं रूप बिघडू नये म्हणून तिथून निघणाऱ्या केबलसुद्धा बरंच अंतर जमिनीखालून नेल्यात. मोठ्या लिथियम बॅटऱ्यांचंही तेच, हल्लीच्या एका २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ५,००० युनिट मावतात पण त्याचं वजन ४० टनांच्या वर जातं, असला कंटेनर बाहेरच्या सबस्टेशनला ठेवायचा, तिथे जागाही असते आणि फायर ब्रिगेडची गाडीही पोचते.

आता खरी गोम. सबस्टेशनला ठेवलेली बॅटरी ग्रिडच्या कामाची, पण तिथून पुढे शहरात शिरणाऱ्या केबलला तिचा काडीचा उपयोग नाही. संध्याकाळी सगळे घरी येतात, हीटर किंवा एसी चालू, शेगड्या चालू, वर गाड्या चार्जिंगला, आणि ती केबल त्या दोन-तीन तासांतच तापते. रात्री दोन वाजता तीच केबल जवळपास रिकामी. नवीन केबल टाकायची म्हटलं की रस्ता खोदायचा, आणि जुन्या शहरात खोदलं की खाली काहीतरी सापडतंच, मग पुरातत्त्ववाले येतात आणि काम लटकतं. त्यामुळे शहराच्या आत साठवण हवी ती एवढ्याचसाठी, केबल रिकामी असेल तेव्हा भरून ठेवायचं आणि संध्याकाळी केबलवर लोड टाकायचा नाही.

आणि हे करायला दरवेळी बॅटरीच लागते असं नाही, लोकांच्या हे लक्षातच येत नाही. संध्याकाळच्या लोडमधला मोठा वाटा खोली गरम किंवा गार करण्याचा आणि गरम पाण्याचा असतो, मग सरळ उष्णताच साठवा ना. बरेच जण विचारतात की गच्चीवर पाणी चढवून ते खाली सोडताना वीज काढता येईल का. हिशेब करून बघा, १० टन पाणी २० मीटर चढवलं तर त्यात जेमतेम अर्धं युनिट साठतं. तेच १० टन पाणी ४० अंशांनी तापवलं तर ४६५ युनिट उष्णता साठते, आणि हीट पंपने (बाहेरची उष्णता आत ओढून आणणारं, एसीच्या उलट चालणारं यंत्र) तापवलं तर वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी लागते. त्या उष्णतेची परत वीज करायची नाही हे धरून, पण आपल्याला तरी शेवटी गरम खोलीच हवी होती. गारव्याचंही तसंच, एक टन बर्फ वितळताना ९३ युनिट उष्णता शोषून घेतो.

हे कागदावरचं नाहीये. पॅरिसमध्ये रस्त्यांखालून थंड पाण्याच्या पाइपांचं जाळं आहे, लूव्र म्युझियमला गारवा तिथूनच मिळतो, आणि त्या जाळ्यात बर्फ साठवायचीही सोय केलेली आहे. बर्लिनमध्ये ५ कोटी ६० लाख लिटर गरम पाण्याची टाकी उभी केली, तीही जुन्या वीज केंद्राच्या आवारात. हेलसिंकीने तर खडकातल्या तेलाच्या जुन्या गुहाच गरम पाण्याने भरल्या. ज्या शहरात पाइपांचं जाळंच नाही तिथे हे जड जाईल हे मान्य, तिथे इमारतीपुरत्या टाकीवर भागवायचं, टाइमर लावलेला साधा गीझरसुद्धा साठवणच असतो.

तरी लिफ्ट, दिवे, चार्जिंग यांना वीजच लागते, म्हणजे थोड्या बॅटऱ्या आत येणारच. त्यात मी तीन गोष्टी बघतो. पहिलं वजन. १० युनिटची घरगुती बॅटरी १०० किलोच्या आसपास भरते, तो सगळा भार अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतो, आणि जुना लाकडी तुळयांचा मजला किती सोसेल हे नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही. अरुंद गोल जिन्यावरून ती वर न्यायची कशी हा वेगळाच ताप. म्हणून ती तळमजल्यावर, दगडी भिंतीलगत, आणि जमिनीपासून जरा उंचावर, कारण नदीकाठच्या शहरात तळघरात पाणी शिरतं.

दुसरं म्हणजे आग. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) केमिस्ट्री बाकी लिथियम बॅटऱ्यांपेक्षा सुरक्षित हे खरंय, पण ‘सुरक्षित’ ऐकून लोक निर्धास्त होतात. २०२१ मध्ये बीजिंग शहरात एलएफपी बॅटऱ्यांच्या साठवण केंद्रात आग लागून स्फोट झाला, फायर ब्रिगेडचे दोन जवान गेले. सेल तापला की ज्वलनशील वायू सोडतो, तो बंद खोलीत कोंडला की ठिणगीचीच वाट. त्यामुळे वायू थेट बाहेर सोडायचा मार्ग नसेल तर ती खोली कितीही सोयीची असो, मी तिथे बॅटरीला हो म्हणणार नाही, आणि बाहेर पडायच्या एकुलत्या एक जिन्याखाली तर अजिबात नाही.

तिसरं, आकार. लोक पूर्ण रात्रभराचा बॅकअप मागतात. केबल वाचवायला दोन-तीन तासांचा पीक, म्हणजे सर्वात जास्त लोडचा वरचा भाग, कापला तरी पुष्कळ होतं, आणि तेवढ्याला ट्रान्सफॉर्मरच्या खोलीशेजारचं एखादं कपाट पुरतं. गाड्यांमधून उलटी वीज घ्यायची कल्पनाही चांगली आहे, पण जुन्या शहराच्या आत गाड्याच कमी, असल्या तर कडेच्या पार्किंगला, म्हणजे तिथल्या फीडरला (त्या भागाला वीज पुरवणाऱ्या केबलला) फायदा, आतल्याला नाही.

हायड्रोजनचं म्हणाल तर विजेपासून हायड्रोजन आणि त्यातून परत वीज करेपर्यंत हातात एक तृतीयांशाच्या आसपास उरतं. उन्हाळ्यातली वीज हिवाळ्यासाठी ठेवायला, शहरापासून लांब, मिठाच्या गुहांमध्ये, ठीक आहे. पण दाट वस्तीत हायड्रोजनची टाकी ठेवायची परवानगी मागायला मी तरी जाणार नाही. तुम्ही आधी वीज कंपनीकडून त्या भागातल्या फीडरचा तासागणिक लोड मिळवा, त्यात पीक किती उंच आणि किती वेळ आहे ते बघितल्याशिवाय बॅटरीचा आकार कोणी सांगत असेल तर तो फक्त विकायला बसलाय.