जन्मतारखेसाठी कॅलेंडर कशाला?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद अर्ज यंदा ऑनलाइन केला. माझ्या भाच्यानं तो तयार करून दिला. नाव-पत्ता सगळे नीट भरतात, पण जन्मतारखेपाशी ज्येष्ठ सभासद अडकतात. रकान्यावर बोट ठेवलं की चालू महिन्याचं कॅलेंडर उघडतं. काहींनी तिथूनच माघार घेऊन कागदी अर्ज मागितला. भाचा म्हणतो, ‘सगळीकडे असंच असतं, होईल सवय.’ काय करावं?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या सभासदांचं काहीच चुकत नाही. माझी आई ७२ वर्षांची आहे. मागच्या वर्षी एका ठिकाणी तपासणीसाठी नाव नोंदवताना ती असाच महिन्याचा बाण दाबत बसली होती. मी पाहिलं तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं मागे पोचली होती. ७० वर्षं मागे जायचं म्हणजे ७० गुणिले १२, ८४० वेळा बोट टेकवायचं! वरच्या वर्षाच्या आकड्यावर दाबलं की वर्षांची यादी उघडते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि पडद्यावर तशी खूणही नव्हती. ‘मलाच जमत नाही गं,’ म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला. ते मला अजून लागतं.

एसटीचं आरक्षण करताना कॅलेंडर हवंच. तिथे वार बघायचा असतो, सुट्टी बघायची असते. जन्मतारीख मात्र तोंडपाठ असते. वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी आजी-आजोबांची ती शाळेतल्या गुरुजींनी घातलेली १ जून असते, पण विचारलं की क्षणात सांगतात. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांची डिझाइन सिस्टिम, म्हणजे पानं आणि अर्ज कसे मांडावेत याची नियमावली, हीसुद्धा पाठ असलेल्या तारखांसाठी साधे तीन रकाने सुचवते : दिवस, महिना, वर्ष. भाच्याला तेच करायला सांगा.

प्रत्येक रकान्याचं नाव वरच्या बाजूला, ठळक आणि कायम दिसेल असं लिहावं. आत फिकट करड्या अक्षरांत लिहिलेली सूचना टाइप करायला लागलं की गायब होते, आणि मग माणूस महिना लिहीत होता की दिवस, हे त्यालाच आठवत नाही. दिवसाचा रकाना दोन अंकी रुंदीचा आणि वर्षाचा चार अंकी ठेवला, तर ‘५६’ लिहायचं की ‘१९५६’ हे न सांगता कळतं. एक रकाना भरला की आपोआप पुढच्यात उडी मारायची सोय नको. चुकलेला अंक खोडायला परत फिरणाऱ्याची त्यात फार ओढाताण होते.

फोनवर अंकांचा कीबोर्ड उघडावा म्हणून भाच्यानं रकान्याच्या कोडमध्ये ‘इनपुटमोड’ (कोणता कीबोर्ड उघडायचा ते सांगणारी सूचना) याला ‘न्यूमेरिक’ द्यावं. रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवू नये, कारण संगणकावर माउसचं चाक फिरलं तर भरलेला आकडा नकळत बदलू शकतो. अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवली, तर आयफोनवर रकान्यात शिरताच पान मोठं होऊन इकडेतिकडे सरकतं.

आता आपल्या मराठी अर्जांत फार वेळा राहून जाणारी गोष्ट. मराठी कीबोर्ड वापरणारा सभासद १२ हा आकडा देवनागरीत लिहील. ब्राउझरमध्ये अर्ज चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला तो आकडा वाटतच नाही. अक्षरांतून आकडा काढणारी तिची ‘पार्सइंट’ ही आज्ञा त्याला ‘नॅन’ म्हणजे ‘हा आकडा नव्हे’ असं उत्तर देतं. मग अर्ज सभासदाला सांगतो की तुमची तारीख चुकीची आहे. मराठी अर्जात मराठी आकडा चुकीचा ठरावा, याचा मला मनापासून राग येतो. उपाय दोन ओळींचा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि पुढचे नऊ अंक ओळीनं येतात. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की किंमत मिळते. हे काम तपासणीच्या आधी व्हायला हवं.

चूक झालीच तर ‘अवैध नोंद’ असं लाल अक्षरांत ओरडू नये. ‘जूनमध्ये ३० दिवस असतात, दिवस पुन्हा पाहा’ असं त्या रकान्याजवळच लिहावं, आणि भरलेलं बाकी सगळं जिथल्या तिथे राहू द्यावं.

एक विचारू का? तुम्हाला पूर्ण जन्मतारीख लागते कशाला? ज्येष्ठांच्या वर्गणीतल्या सवलतीसाठीच असेल, तर ‘तुमचं वय ६० पूर्ण आहे का?’ एवढा प्रश्न पुरेल आणि हा सगळा खटाटोपच टळेल. कार्यकारिणीला आधी हे विचारा.

तारीख ठेवायचीच असेल, तर बदल झाल्यावर परत फिरलेल्यांपैकी तिघांना चहाला बोलवा. फोन त्यांचाच असू द्या. भाच्याला शेजारी बसवा, आणि त्यानं काही सांगायचं नाही, बोटही दाखवायचं नाही, असं आधीच बजावा. ते कुठे थांबतात, तेवढं त्यानं वहीत टिपावं. वहीत काय निघालं, ते मला जरूर कळवा.