पावसात फोर बाय फोर टाकून चालवायची का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस सुरू झाल्यापासून आलेल्या प्रश्नांमध्ये फोर बाय फोर (इंजिनची ताकद चारही चाकांना) आणि टायर हेच दोन विषय जास्त आहेत, त्यामुळे यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. नावं छापत नाही, फक्त गाव देतोय.

प्रश्न (मुलुंड): दादा, थार घेतली, डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर. पावसात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मी फोर हाय टाकूनच चालवतो, ग्रिप जास्त मिळते असं वाटतं. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळवताना गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते, स्टेअरिंग जड होतं आणि खालून कट्ट असा आवाज येतो. काय बिघडलंय?

उत्तर: अजून काही बिघडलं नसेल, पण असंच चालवत राहिलात तर बिघडेल. तुमची गाडी पार्ट टाइम फोर बाय फोर आहे, जिम्नी आणि फॉर्च्युनरपण त्याच जातीच्या. टू हायमध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर हाय टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते, म्हणजे दोन्ही अगदी सारख्याच वेगाने फिरणार. आता पार्किंगमधलं वळण डोळ्यासमोर आणा. पुढची चाकं मोठा गोल घेतात आणि मागची आतून छोटा, म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचंय पण शाफ्ट त्यांना जास्त फिरू देत नाही, कारण मध्ये डिफरन्शियलच (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाहीये. तो फरक शाफ्टमध्ये पीळ बसल्यासारखा साठत जातो. चिखलात किंवा खडीवर एखादं चाक जरासं घसरतं आणि पीळ सुटतो, कळतपण नाही. काँक्रीटवर मात्र चाक सहज घसरत नाही, मग ताण वाढत वाढत शेवटी टायर घासून झटका देतो, तोच तुमचा कट्ट. टायर तर झिजतातच, पण त्याआधी जॉइंट, चेन, गिअर हे सगळं तो ताण खातं.

आणि ग्रिपचं म्हणाल तर हायवे ओला असला तरी काँक्रीटला पकड असतेच, तिथे टू हायच. ही गोष्ट मला फार कळकळीने सांगायचीय, फोर बाय फोर गाडीला पुढे ढकलायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. विक्रोळीला समोरच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला तर तुमची थार किती अंतरात थांबेल हे टायर, वेग आणि तुम्ही ठेवलेलं अंतर यावर ठरतं, फोर हायच्या लिव्हरवर नाही, आणि फोर हायमध्ये गाडी निघताना जराही घसरत नाही म्हणून माणूस जास्त जोरात चालवतो, हा त्यातला खरा धोका.

फोर हाय कधी टाकायचं, तर माळशेजला रस्त्यावर माती वाहून आलीय, कर्जतकडच्या फार्महाऊसचा कच्चा रस्ता आहे, ओल्या गवताचा चढ आहे, अशा वेळी. तेही रुतायच्या आधी, रुतल्यावर नाही. फोर लो मात्र गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलला घेऊन टाकायचं, तिथे चाकाला साधारण दुप्पट-अडीचपट जोर मिळतो आणि वेग तेवढाच कमी होतो, खडा चढ-उतार आणि बाहेर काढायचं काम एवढ्यासाठीच. लिव्हर फोर हायमध्ये अडकून बसली तर जोर लावू नका, चाकं सरळ करा, चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येते.

हां, वर्षभर हातच लावला नाही असंही नको. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडा वेळ फोर हायमध्ये चालवा, पुढच्या भागांना ऑइल पोचत राहतं.

प्रश्न (कल्याण): ग्रँड व्हिटारा ऑल व्हील ड्राइव्ह आहे. घोडबंदरला खड्ड्यात पुढचा डावा टायर साइडवॉलला (बाजूच्या भिंतीला) फाटला. दुकानदार म्हणतो पुढचे दोन नवीन टाका, मागचे अजून चालतील. चालेल का?

उत्तर: आधी त्या मागच्या टायरची नक्षी मोजा. नक्षीची खोली मोजायचं डेप्थ गेज स्वस्तात मिळतं, प्रत्येकाकडे असावंच.

तुमची सिस्टिम थारसारखी नाही. एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि पुढची चाकं घसरतायत असं सेन्सरला दिसलं की मध्ये असलेला क्लच आवळला जातो आणि मागे ताकद जाते. म्हणजे सिस्टिम सतत पुढच्या-मागच्या चाकांचा वेग बघत असते. तुमच्या २१५/६० आर १७ टायरचा घेर साधारण २.१७ मीटर. नवीन टायरची नक्षी ८ मिमी आणि जुन्याची ३ मिमी धरली तर त्रिज्येत ५ मिमी फरक, म्हणजे घेर तीनेक सेंटिमीटरने कमी. ऐकायला काहीच नाही, पण दर किलोमीटरला जुनं चाक सहा-सात चकरा जास्त मारतं आणि मुंबई-पुणे एका खेपेत हा फरक हजार चकरांच्या आसपास जातो. सरळ रस्त्यावर, कुठेही घसरण नसताना! लॉक मोड (क्लच आवळून ठेवणारा) टाकलात की तो क्लच हा सगळा फरक अंगावर घेतो, आणि क्लचचं काम टायरच्या सेटपेक्षा खूप महाग पडतं.

त्यामुळे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि झीज दोन-तीन मिलिमीटरच्या आत, हा नियम धरा, मॅन्युअलमध्ये यापेक्षा कडक आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. तुमच्या मागच्यांची नक्षी ६ मिमीच्या वर असेल तर जोडी घ्या, ४ च्या खाली असेल तर चारही बदला आणि जुन्यातला सगळ्यात चांगला स्टेपनीला ठेवा. जोडीच घेतलीत तर नवीन टायर मागे टाका, पुढे नाही. दुकानदार ऐकणार नाही, तरी टाकायला लावा, कारण पाण्यावरून मागची पकड सुटली तर गाडी गोल फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही, पुढची सुटली तर निदान ॲक्सिलरेटर सोडून थोडं सावरता येतं.

फाटलेल्या साइडवॉलला पॅच लावून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून निघा, पंक्चर फक्त नक्षीच्या भागातलं काढायचं. आणि ज्या खड्ड्यात हा टायर गेला त्याच खड्ड्यात मागचा डावापण गेलाच असणार, त्याच्या आतल्या बाजूने हात फिरवून बघा, कुठे फुगा लागला तर आतले धागे तुटलेत, तोही बाद. अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं) न करता नवीन टायर रस्त्यावर आणू नका, एकाच कडेने घासून जातील. नंतर दर आठ-दहा हजार किलोमीटरला रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल.

प्रश्न (बोरिवली): नायट्रोजन भरला की हवा बघावी लागत नाही, हे खरं का?

उत्तर: नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. थोडा फायदा आहे, पण हवा दर पंधरा दिवसांनी बघायचीच, सकाळी, टायर थंड असताना. पंपावरचा पोरगा सगळ्याच गाड्यांना पस्तीस मारतो, त्याला तुमचा आकडा सांगा. तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, माणसं-सामान भरून जायचं असेल तर वेगळा दिलेला असतो. टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडांना झिजला असेल तर कमी.

प्रश्न (ठाणे): अलिबागला किनाऱ्यावर गाडी न्यायचीय. वाळूत हवा किती ठेवायची?

उत्तर: किनाऱ्यावर नेऊच नका. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगत जाते हे खरं आहे, वाळवंटात १८ पीएसआयपर्यंत उतरवतातही. पण आपल्या किनाऱ्यावर लोक चालत असतात, पोरं खेळत असतात, ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि खाली चाक गिळते, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की रुतलेली गाडी काढायला वेळच मिळत नाही. खारं पाणी एकदा ब्रेक आणि चासिसमध्ये शिरलं की गंज पुढे वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. शिवाय गाडी नेल्यावर गुन्हाही दाखल होतो. कच्च्या वाटेला हवा कमी करायची असेल तर सोबत कंप्रेसर घ्या आणि डांबरीवर यायच्या आधी भरा, कमी हवेत हायवेला टायर तापून फुटतो.

प्रश्न (दादर): मिस्टरांची एसयूव्ही फार फिरत नाही, सहा वर्षांत अठरा हजार किलोमीटर झालेत. टायरची नक्षी चांगली दिसते. गणपतीला कोकणात न्यावी का?

उत्तर: ताई, नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं होतं. ऊन, उभं राहणं आणि मुंबईची दमट हवा यांनी ते कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. साइडवॉलवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, १४१९ असेल तर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. मग नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि साइडवॉलवर केसासारख्या बारीक भेगा आहेत का बघा, नख रोवून दाबलं तर रबर दबतं का तेही. सहा वर्षं झाली की चांगल्या टायरवाल्याकडून टायर उतरवून आतून तपासून घ्या, भेगा असतील तर वाट बघू नका, बदला. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, खाचांच्या मधला टीडब्ल्यूआयचा उंचवटा तेच दाखवतो, पण कोकणच्या पावसात मी ३ मिमीच्या खाली घाटात उतरू देणार नाही, खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. सगळं ठीक निघालं तर खुशाल न्या, निघायच्या आठवडाभर आधी हवा बघा आणि स्टेपनीपण खाली काढून तिचे चार आकडे वाचा, ती गाडीबरोबरच आलेली असते आणि वर्षानुवर्षं कोणी हातच लावलेला नसतो.