नेक्रोमन्सर काळा नसतो

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही चौघं मित्र मराठीतून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. नेक्रोमन्सरला "काळा जादूगार" आणि समनरला "आव्हानकर्ता" म्हणतो. बरोबर आहे का?'

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा मित्रांनी एकत्र बसून, कल्पनेतलं एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ. त्यातला नेक्रोमन्सर मेलेल्यांवर जादू चालवतो, समनर दुसरीकडचे जीव मदतीला बोलावून घेतो. तुमची दोन्ही नावं चूक. आव्हानकर्त्याकडे नंतर येतो. आधी त्या 'काळ्या'चा निकाल लावू, कारण 'नेक्रोमन्सी म्हणजे काळी जादू' हे ऐकून ऐकून कान किटलेत.

मूळ ग्रीक शब्द दोन. नेक्रोस म्हणजे मेलेला आणि मँतेइया म्हणजे अज्ञात किंवा भविष्य जाणून सांगणं. मेलेल्याला प्रश्न विचारून दडलेलं काढून घेणं, एवढाच अर्थ. स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिदोर याने सातव्या शतकात ही फोड नीट लिहून ठेवली होती. पण मध्ययुगात 'नेक्रो'चं 'निग्रो' झालं. ग्रीक कानाआड गेलं होतं आणि लॅटिनमधला 'नीगेर', म्हणजे काळा, ओळखीचा होता. तयार झाला 'निग्रोमान्तिया', आणि त्याचा अर्थ लागला काळी विद्या. कोशात नेक्रोमन्सीसमोर 'काळी जादू' छापणारे कोशकार ही ऐकण्यातली चूकच मराठीत आणून बसवतात. शब्द उचलायचा तर त्याचं मूळ बघायला नको?

खुद्द खेळातही ही विद्या काळी नव्हती. १९७८ च्या नियमपुस्तकात जखमा बऱ्या करणारा धर्मगुरूचा साधा मंत्र नेक्रोमन्सीतच मोडायचा. मेलेल्याला पुन्हा जिवंत करणारा 'रेझ डेड' २०१४ च्या आवृत्तीतही तिथेच आहे.

आता खरी गंमत. मँतेइया आला 'मँतिस'वरून, म्हणजे द्रष्टा, आणि मँतिसचा धातू तोच जो आपला मन्. मन, मति आणि मंत्र हे सगळे त्याचेच. म्हणजे नेक्रोमन्सीतली 'मन्सी' आणि आपला 'मांत्रिक' ही सख्खी चुलत भावंडं! नेक्रोसही परका नाही, तो आपल्या नश् धातूच्या कुळातला, 'नाश' वाला. आणि 'समन'? लॅटिन 'सुब' अधिक 'मोनेरे'. मोनेरे म्हणजे आठवण करून देणं, बजावणं. तोही मन्चाच प्रयोजक. त्याच मोनेरेपासून 'मोन्स्त्रुम', म्हणजे देवांनी दिलेला इशारा, अपशकुन, आणि त्यातून मॉन्स्टर. म्हणजे खेळातल्या 'समन मॉन्स्टर' या मंत्राच्या नावात मन् दोनदा बसलाय, आणि तो म्हणणारा मांत्रिक धरला तर तीनदा. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री दीडला कोश मिटून नुसता बसून राहिलो होतो.

इथे कुणीतरी 'मननात् त्रायते इति मन्त्रः', म्हणजे मनन केल्याने तारतो तो मंत्र, हे वचन काढणारच. वचन सुंदर आहे, भक्ताने जरूर म्हणावं, पण ती व्युत्पत्ती नव्हे. 'त्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय आहे. शस्त्र, नेत्र, पात्र यांत आहे तोच. शस्त्र कुणाचं त्राण करतं म्हणून शस्त्र झालं का? यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, 'मन्त्रा मननात्' (मननावरून मंत्र) एवढंच म्हटलं आणि तो थांबला. त्याच्यापुढे जाऊन प्रत्ययाचा धातू करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तर नेक्रोमन्सरला म्हणा 'प्रेतमांत्रिक'. नुसता 'मांत्रिक' पुरत नाही, कारण आपल्याकडचा मांत्रिक, पंचाक्षरी किंवा देवरुषी लागलेलं भूत उतरवतो, मढं उठवत नाही. 'वेताळ'ही नको. वेताळ स्वतःच दुसऱ्याच्या मढ्यात शिरतो, तो शिरणारा आहे, शिरवणारा नाही. शिवाय कोकणातल्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे देव मानलेल्या वेताळाला, नवसाच्या चपला वाहणाऱ्या माणसांसमोर तो शब्द असा वापरणं मला पटत नाही. 'प्रेत' मात्र चपखल. संस्कृतात प्र-इत म्हणजे पुढे गेलेला, देह सोडलेला जीव. मराठीत तोच शब्द देहावर येऊन स्थिरावला. प्रेतमांत्रिकाला दोन्ही लागतात. 'स्पीक विथ डेड' या मंत्रात तो मेलेल्याला पाच प्रश्न विचारतो, हा मूळ ग्रीक अर्थ. 'अ‍ॅनिमेट डेड'मध्ये हाडांचा ढीग उठवून उभा करतो, हा नंतर चिकटलेला. एका शब्दात दोन्ही मावतात, असं भाग्य भाषांतरकाराला रोज मिळत नाही.

राहिला समनर. गेल्या महिन्यात भाच्याच्या घरी डाव बघत बसलो होतो. ताटात शेंगांची टरफलं मांडलेली, ते सांगाडे. एक मुलगी म्हणाली, "मी अग्नीच्या भुताला आव्हान करते." खेळ चालवणारा थांबला आणि म्हणाला, "ताई, त्याला बोलवायचंय की त्याच्याशी लढायचंय?" एका शब्दाने डाव अडला. आव्हान आलं ह्वे धातूवरून, म्हणजे हाक मारणं. संस्कृतात त्याचा अर्थ साधं बोलावणं असाही होता, पण मराठीत ती ललकारी झाली आणि आता ती मागे फिरणार नाही. आवाहन आलं वह् धातूवरून, म्हणजे वाहून इकडे आणणं. गणपती बसवताना गुरुजी 'आवाहयामि' म्हणतात ते हेच. वर्तमानपत्रं 'नागरिकांना आव्हान' छापतात तेव्हा मला पेपर फाडावासा वाटतो.

म्हणून समनर तो 'आवाहक', आणि त्याची क्रिया 'आवाहन'. पाठोपाठ 'विसर्जन'ही फुकट मिळतं, त्यासाठी वेगळा शब्द घडवायला नको. २०१४ च्या नियमांत 'कॉन्ज्युर एलिमेंटल' हा महाभूत बोलावण्याचा मंत्र चालू असताना एकाग्रता मोडली तर आलेलं महाभूत नाहीसं होत नाही. ते आवाहकावरच उलटतं, आणि मंत्र म्हटल्यापासून तास भरेपर्यंत त्याला परत पाठवता येत नाही. त्या मुलीचं पुढच्याच फेरीत तेच झालं. खेळ चालवणारा म्हणाला, "विसर्जन आता तुझ्या हातात नाही." कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही.